डोंगीवरचा दुसरा कंदील

फसली साल तेराशे शेहेचाळीस, आताच्या मोजणीनं एकोणीसशे छत्तीस. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. माय सोळा सांगायची, पण मी सतरावर ठाम आहे. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती आमच्या आबानं रात्रीची डोंगी दिलीच नसती. माझी शाळा दुसरीत सुटली. नात म्हणते, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हणालो. जे मी केलं ते मीच लिहिणार, मग वेलांट्या कशाही पडोत.

आमचं घर गंगेच्या उत्तर काठाला, घाटाच्या अगदी वर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घरात आबा, माय, थोरला भाऊ किसन, त्याची बायको गिरजावैनी आणि मी. आबाच्या हाती मोठ्या नावेचं सुकाणू. त्या नावेला चार वल्ही, त्यातलं एक किसनभाऊचं. पल्याडची माणसं तीर्थपुरीच्या बाजाराला आमच्याच नावेनं अल्याड यायची आणि दिवस बुडताना परत जायची. घरात झोपलं तरी कान घाटावर असायचे. पल्याडून कुणी ‘नाऽऽव होऽऽ’ अशी हाक दिली की आबा अंथरुणातूनच सांगायचा, ‘दोघं हायेत, एक बाई हाये, लेकरू कडेवर हाये.’ आम्ही जाऊन बघायचो तर बराबर तसंच. हाकेवरून लेकरू कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘लेकरू कडेवर असलं की माणूस एका बाजूनं ओरडतो.’ खरं होतं का मला चिडवत होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

मायच्या चुलीवर ज्वारीची भाकर आणि झिंग्यांचं कोरड्यास ठरलेलं. पाऊस उघडला की छपरावर मासळी वाळायची, आणि तिच्या राखणीवरून मायचं मांजरांशी रोजचं भांडण. गिरजावैनी भोकरदनाकडची, कोरड्या माळावरची. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी तिनं कधी बघितलंच नव्हतं. पहिली कितीतरी वर्षं ती घागर भरायला घाटावर उतरायची ती भिंतीला हात लावून. मासे तिला सोसायचे नाहीत, पण रांधायची मन लावून. मरळीचा मधला तुकडा ती गुपचूप माझ्या भाकरीखाली सारायची. भाऊनं एकदा बघितलं तेव्हा म्हणाली, ‘तुमच्यापेक्षा धाकल्याला जास्त लागतं, त्याचं अंग वाढून राह्यलंय.’ तिला दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही गेली होती. त्यावर घरात कुणी बोलत नसे. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मायनं नुसतं तिच्या अंगावर आपलं जाड लुगडं टाकलं आणि घागर तिच्या हातून काढून घेतली.

माझी डोंगी आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, एका माणसाच्या मापाची. दुसरा बसला की काठ पाण्याच्या वर चार बोटं उरायचा. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं असलेलं. गुडघ्यावर बसायचं आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मारत जायचं. रात्री डोंगी काढायची तर आबाचा कायदा होता. एक कंदील पुढच्या टोकाला, हलू नये म्हणून तारेनं आवळलेला. दुसरा कंदील बांबूच्या काठीला, बसल्या माणसाच्या डोक्यावर हातभर उंच. पाण्यावर एकटा दिवा कशाचाही असू शकतो, पण एकावर एक दोन दिवे दिसले की तिथं माणूस आहे, हे आमच्या घाटावर सगळ्यांना ठाऊक. मला तो वरचा दिवा आवडायचा नाही. वाऱ्याला काठी झोके खायची आणि डोळ्यांवर उजेड यायचा. घाटावरची पोरं ओरडायची, ‘लख्याची वरात चालली रे!’ मी आबाला म्हणालो, मला अंधारात चांगलं दिसतं. आबा म्हणाला, ‘तुला दिसतं का, हा सवालच न्हाई. तू दिसतो का, हा सवाल हाये.’ मी गप्प बसलो, पण पटलं नाही. आता वाटतं, माझ्याशी इतक्या कमी शब्दांत इतकं खरं नंतर कुणीच बोललं नाही.

तो दिवस धनत्रयोदशीचा. त्या संध्याकाळी यमासाठी दिवा लावतात, दक्षिणेकडं तोंड करून. आमच्या गावाला दक्षिणेला गंगाच, म्हणून आमच्याकडं तो दिवा पाण्यात सोडायची चाल. कणकेचा दिवा, पळसाच्या द्रोणात ठेवलेला. घरात जितकी माणसं तितके दिवे सोडायचे. वरच्या गावांचेही दिवे वाहत यायचे. अंधार पडला की सगळं पात्र ठिपक्याठिपक्यांनी भरून जायचं, आणि हवेला गोड्या तेलाचा वास. नावाड्यांचा त्या रात्रीचा एक रिवाज होता. नावेपुढं दिवा आला तर त्याच्यावर वल्हं पडू द्यायचं नाही. कुणीतरी ‘दिवा!’ म्हणून ओरडायचं, चारी वल्ही वर उचलायची, सुकाणूही हलवायचं नाही, आणि नाव आपल्या वाटेनं सरकू द्यायची. द्रोण हलका, नावेनं ढकललेल्या पाण्याबरोबर आपोआप बाजूला होतो. ज्याच्या नावाचा दिवा त्याचं आयुष्य, आपल्या हातानं ते विझू नये, एवढंच त्यात होतं.

दुपारीच वैनीला वेणा सुरू झाल्या. गावातली सुईण दिवेलागणीपर्यंत बसली आणि मंग बाहेर येऊन मायला म्हणाली, ‘लेकरू आडवं हाये. हे माझ्या हातचं न्हाई. पल्याडून खालाला आणा, ती फिरवती.’ खाला म्हणजे शरीफाबी, दक्षिण काठच्या गावातली. पन्नाशीच्या पुढची, एकटी राहणारी, दोन शेळ्या आणि तिखट जीभ एवढाच तिचा संसार. आडवं मूल बाहेरून चोळून सरळ करावं तर तिनंच, असं दहा गावं म्हणायची. तिचा उजवा हात लोक कौतुकानं बघायचे. घाटावर तेव्हा बाजाराहून परतलेली चाळीसेक माणसं दिवाळीचं सामान घेऊन नावेत चढून राह्यली होती. आबा म्हणाला, ‘लख्या, तू डोंगी घेऊन फुडं हो. नाव भरून निघायला येळ लागंल. दोन्ही कंदील लाव.’ किसनभाऊनं माझा खांदा एवढा जोरात दाबला की दुखलं.

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे. साठ वर्षं मी लोकांना सांगत आलो की दुसरा कंदील मी नेला नाही, कारण तो वैनीच्या खोलीत लागत होता. खोटं आहे. दुसरा कंदील दाराच्या मागं खिळ्याला लटकत होता, राकेल भरलेला. घाटावर एवढी माणसं, पल्याडच्या पोरी हातात दिवे घेऊन उभ्या, आणि मी वरातीसारखी काठी उभारून जायचं? मी पुढचा एकच कंदील पेटवला आणि डोंगी लोटली.

जाताना काहीच झालं नाही. मी दिव्यांमधून सरासरा गेलो, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होतो. खाला भाकरी थापत होती. मी दारातूनच सांगितलं. तिनं तवा उतरवला, तेलाची बाटली आणि चिंध्यांची पुरचुंडी काखेत मारली, आणि शेजारणीला शेळ्या बघ म्हणून ओरडून निघालीसुद्धा. डोंगीजवळ येऊन मात्र थांबली.

‘कैकू रे लछमन, वरचा दिवा कुठंय?’

‘घरी लागत होता, खाला.’

‘तुझा बाप असा सोडतो तुला?’

‘बस ना खाला. वैनी तिकडं ओरडून राह्यली.’

‘बैठती मैं. पण सुन, मी मेले तर तुझ्या भावजयीचं लेकरू कोण काढंल? तू?’ असं म्हणत ती पुढच्या टोकाला, कंदिलाच्या मागं बसली, पाय पोटाशी घेऊन. काठ पाण्याला टेकतो की काय असं झालं. ‘माझ्या वजनाचं नाव काढू नको,’ ती म्हणाली. मी काही काढलंच नव्हतं.

अर्ध्या पात्रात आलो तेव्हा समोरून नाव येताना दिसली. तिच्या काठीवर मोठा कंदील, म्हणून मला ती साफ दिसत होती. माणसं, डोक्यावरची गाठोडी, मागं उभा आबा. नावेत कुणीतरी झांजा घेऊन भजन धरलं होतं. आमच्या गंगेवर रीत अशी की लहान डोंगीला मोठी नाव वाट देते, कारण तिला आठ हात आणि डोंगीला दोनच. म्हणून मी सरळ वल्हवत राहिलो. आबा आता सुकाणू दाबेल, आता दाबेल. एवढ्यात नावेच्या टोकावरचा माणूस ओरडला, ‘दिवा! दिवा आला!’

चारी वल्ही वर गेली. त्यांच्यावरून पाणी निथळताना मी बघितलं. आणि नावेतली सगळी माणसं माझ्याकडं बघून हात जोडायला लागली. म्हाताऱ्या बाया, गडी, लेकरं, सगळी. माझा सख्खा भाऊ वल्हं मांडीवर आडवं धरून मान खाली घालून हात जोडत होता. तो काय मागत होता हे मला ठाऊक होतं. पाण्यालगत एकच मिणमिणता उजेड, आजूबाजूला तसलेच शंभर, तर दुसरं काय समजणार? मी यमाचा दिवा झालो होतो, आणि चाळीस माणसांची भरली नाव माझ्या अंगावर सरकत होती. हात कुणाचाच तिच्यावर नव्हता.

मी ओरडलो. ‘आबा! आबा, मी हाये!’ झांजांपुढं माझा आवाज कुठं जाणार? डोंगी वळवावी तर दोघांच्या वजनानं आडवी होताच उलटणार. मी वल्हं उलटं मारून मागं सरायला बघत होतो, आणि नावेचा काळा पुढा डोक्यावर येत होता. तेव्हा खाला उठून उभी राहिली. डोंगीत उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तिनं खाली वाकून कंदिलाला हात घातला. कडी तर मी तारेनं आवळून टाकलेली. ती सुटेना म्हणून तिनं कंदील वरच्या तापलेल्या टोपणाला धरला, मूठ आवळून, आणि एका हिसक्यात तार तोडून डोक्याच्या वर नेला. आणि तिथून जी बोंब मारली, तशी मी पुन्हा ऐकली नाही. ‘या अल्ला! अंधे हो क्या सब!’

पाण्यावरचा दिवा कधी वर चढत नाही. आबानं तेवढं बघितलं. त्यानं अख्ख्या अंगाचा भार सुकाणूवर टाकला, त्याचा पाय घसरलेला मला दिसला, आणि नाव खरवडत, आमच्या डोंगीची एक कड सोलत बाजूनं निघून गेली. पाणी आत आलं, गुडघे बुडाले, पण डोंगी उलटली नाही. खाला धपकन खाली बसली. कंदील अजून तिच्या मुठीत होता. मी म्हणालो, ‘खाला, सोड.’ तिनं सोडला तेव्हा कातडीचा वास आला.

नावेतून आता भजन बंद. आबाचा आवाज आला, शांत, मला त्याचीच जास्त भीती वाटली. ‘कोण कोण हाये?’

‘मी आन् खाला.’

‘दोघं धड हायेत का?’

मी उत्तर द्यायच्या आत खाला म्हणाली, ‘धड हायेत. तुम्ही लोकं सोडून जल्दी या. इकडं आम्हाला काम हाये.’ आणि मला म्हणाली, ‘मार वल्हं. बापाला मी बघती. बिलकुल बोलू नको.’ बाकीची वाट तिनं उजवा हात पाण्यात बुडवून ठेवला. डोंगीत आलेलं पाणी डाव्या हातानं उपसत होती आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी ऐकत होतो. इतकं बोललेलं मला आयुष्यात कधी बरं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मायनं खालाचा तळहात बघितला आणि डोळ्यांना पदर लावला. तळहातावर मोठा पांढरा फोड. आणि त्याच हाताचं काम होतं. मी दाराबाहेर होतो, पण कुडाचं घर, सगळं ऐकू येत होतं. खाला म्हणाली, ‘एरंडेल गरम कर. रोना नक्को. डाव्यानं मला लेकराचं डोकं कळत न्हाई, उजव्यालाच कळतं.’ मंग बराच वेळ वैनीचं कण्हणं, आणि त्याच्यात मिसळलेलं दुसरं एक कण्हणं, दात आवळलेलं. ते खालाचं होतं. मायनं मला मागाहून सांगितलं, पदराचा बोळा तोंडात धरून तिनं त्या फुटलेल्या तळव्यानं पोट चोळलं, हळूहळू, एका बाजूनं, जोवर लेकरू फिरलं असं तिच्या हाताला कळलं नाही तोवर. शेवटी लेकरू धरलं मायच्या हातांनी, पण आणलं खालानं.

किसनभाऊ माणसं पल्याड सोडून आला तेव्हा घरातून रडणं येत होतं, बारीक, मांजरीसारखं. तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि आत जाईचना. खालानं आतून विचारलं, ‘कोण हाये भाईर? लेकीचा बाप असंल तर आत ये, दुसरा कुणी असंल तर घरी जा.’ भाऊ हसला आणि हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागला. ती लेक म्हणजे आमची यमुना. आता ती नातवंडांची आजी आहे, वाटूरला असते, आणि अजून मला धाकल्या पोरासारखं रागावते.

आबा मला त्या रात्री काही बोलला नाही आणि पुढंही कधी नाही. खालानं त्याला अंगणात बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, हातवारे करत, फडकं गुंडाळलेला हात वर-खाली नेत. काय सांगितलं हे दोघांनीही सांगितलं नाही, आणि दोघंही गेली. आता गंगेवर पूल झाला आहे. माझा नातू मोटरसायकलचा दिवा न लावता गावातून फिरतो आणि म्हणतो, आजोबा, मला दिसतं. मी त्याला आबाचं वाक्य सांगतो. तोही गप्प बसतो, पण त्याला पटत नाही, हे मला कळतं. माझ्या वाट्याला कुणीतरी उभं राहणारं होतं. माझ्या अंगात काही गुण असल्यामुळं ती उभी राहिली असं नाही. मी देवळात फारसा जात नाही, पण रोज अंथरुणावर पाठ टेकताना त्या बाईची आठवण काढतो.

यमुना जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावात नरकचतुर्दशीच्या आंघोळी चालल्या होत्या. माय उटणं घेऊन मागं लागली. मी अंगाला पाणी लावलं नाही. खालाला पल्याड सोडायचं होतं. डोंगीत ती हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती. तिच्या घरापर्यंत मी पुरचुंडी घेऊन गेलो. कालची अर्धी थापलेली भाकर परातीत तशीच वाळलेली. पिठाच्या डब्यात बघितलं तर तळ दिसत होता. जात्याशेजारी टोपलीत ज्वारी होती. ती डाव्या हातानं खुंटा धरायला गेली, आणि अर्धा फेराही झाला नाही.

मी म्हणालो, ‘बाजूला सर, खाला.’

‘चल हट! गडी माणसानं जात्याला हात लावायचा?’

‘सर म्हणालो ना.’

मी मांडी घालून बसलो आणि खुंटा धरला. वल्हं मारणारे खांदे, मला वाटलं सोपं असेल. सोपं नव्हतं. दाणे उडायला लागले. शेळ्यांना पाला टाकायला आलेली शेजारीण दारात थबकली, तिनं दुसरीला हाक मारली, दुसरीनं तिसरीला. कुडावरून एक पोरगं ओरडलं, ‘आरं, नावाड्याचा लख्या दळून राह्यला!’ काल एका कंदिलासाठी ज्याला लाज वाटली होती तो मी, माझे कान तापले. पण मी उठलो नाही. खाला खांबाला टेकून बसली, हात ओल्या फडक्यात, नजर जात्यावर.

‘मूठ लहान घाल,’ ती म्हणाली. ‘जाडं पीठ मला चालत न्हाई.’

मी मूठ लहान घातली. टोपलीतली ज्वारी संपेपर्यंत मी दळत होतो.